जळत्या गोळ्यावर पहारा

पारिमिन, माझ्या धाकट्या भावा,

किळस आली रे तुझ्या अंगणाची. अख्खी वस्ती लवंगेच्या सिगारेटी ओढत, माना वर करून बसली होती, आभाळातला जळता गोळा तुझ्या छपरावर पडतो का ते बघायला. म्हणे तो पडला की घरातलं माणूस आपला जीव देतं. आणि तुझी पोर रुबियेम आत भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिच्याकडे एकाचीही मान वळली नाही!

वासितोच्या वेळीही हेच. पोरगा कित्येक महिने धड झोपला नव्हता, कानात माणसं शिव्या देतात म्हणून रडायचा. तो गेला आणि मयताला आलेल्यांना चहा पाजत तू सांगितलंस, "गोळा मी या डोळ्यांनी पाहिला." तुला गोळा दिसला, पोटचा पोर दिसला नाही. शी!

काल मी रुबियेमला सरळ विचारलं, "बाळ, मरावंसं वाटतं का?" तुझी बायको ओरडली, "म्बाक, ताई, असलं विचारून गोळ्याला आवतण देताय!" पण पोर माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आत्या, रोज वाटतं."

आज तिला वोनोसारीच्या दवाखान्यात आणलंय. हे पत्र तुला धाडणार नाही. तू तिला ओढत न्यायला येशील. आत्ताच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं?" मी तोंड उघडायच्या आत रुबियेम बोलली, "माझा दादा आजारी होता."

वासितोसाठी 'आजारी' हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी काढला.

तुझी थोरली बहीण,
कासिनेम