हद्दीवरचा फोन

१२ नोव्हेंबर

पोचले एकदाची साकोलीत. पवनीहून बस बदलत, मांडीवर गादीची वळकटी घेऊन आले, तरी चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. आमचं घर विणकरांचं. मागांच्या खटखटाटात ओरडून बोलायची सवय, म्हणून आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाले आराम नाही. आता त्याच तोंडाचा पगार मिळणार आहे.

केंद्र म्हणजे एक मोठी खोली आणि फोन. आजूबाजूच्या नगरपंचायतींनी मिळून हे सुरू केलंय. आग लागो, अपघात होवो, बाळंतीण अडो, फोन इथे येतो आणि मी जवळची गाडी पाठवते. गाडी कोणत्या गावची, हे कोणी विचारायचं नाही. जिल्हा फुटल्यावर पलीकडे गेलेल्या गावांचं असंच केंद्र तिकडे आहे; तिथे वच्छलाताई बसते. अगदी हद्दीवरून फोन आला तर तो दोन्हीकडे वाजतो. जी आधी 'घेतला' म्हणेल, त्या फोनची जबाबदारी तिची. घेतलेला फोन, आपलं माणूस आजाऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय बंद करायचा नाही. माझे वरिष्ठ हेमराजभाऊ यांनी हे माझ्याकडून जेवताना दोनदा घोकून घेतलं. मी म्हटलं, भाऊ, पाढे नंतर, आधी भाजी वाढा.

१४ नोव्हेंबर

काम जमतंय. लाखनीच्या बाजूला धानाच्या तणसाच्या ढिगाला आग लागली, बंब वेळेत गेला. वच्छलाताईशी मैत्री झाली. तिचं तोंड अजून पाहिलेलं नाही, पण तिच्या नवऱ्याला वांगं चालत नाही हेसुद्धा मला ठाऊक झालंय.

दुपारी एक फोन दोन्हीकडे वाजला. म्हातारी बाई होती. सांगत होती, नत्थूले पान लागला जी, गाडी धाडा, मी एकलीच आहो. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही; नाव घेतलं की तो येतो. पान लागलं म्हणायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेमराजभाऊंनी माझ्यासमोरचं बटण दाबून फोन पलीकडे टाकला. वच्छलाताईने परत इकडे टाकला. असं चार-पाच वेळा झालं, दोघांनी एक अक्षर न बोलता, आणि फोन आपोआप तुटला. मग भाऊंनी चहा मागवला. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला.

१५ नोव्हेंबर

आज पुन्हा तीच बाई, तेच शब्द. भाऊंनी शेवटी सांगितलं. हद्द एका तलावातून जाते. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला लागून सुंदरबाई आणि तिचा मुलगा नत्थू यांचं एकच घर होतं. जिल्हा फुटला त्या वर्षी नत्थूला पान लागलं. बाईने गावातून फोन केला. इकडचे म्हणाले, तुम्ही तिकडच्या. तिकडचे म्हणाले, तुम्ही इकडच्या. गाडी गेलीच नाही. नत्थू गेला, आठवड्याने त्याच्या उशाशी तीही गेलेली सापडली. ही केंद्रं निघाली तेव्हापासून तिचा फोन येतो. घेऊ नको, पोरी, एवढंच म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही. कोणी टवाळखोर असेल. पण त्या आवाजात टवाळी नव्हती.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतरच्या मंडया, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्यात. भाऊ आपल्या गावच्या मंडईला गेले. मी राहते त्या घरची मालकीणही नातेवाइकांकडे नाटक पाहायला गेली. दिवसभर खोलीत मी एकटी. फोनही फारसे नाहीत. मागाचा आवाज नसेल तर इतकी शांतता असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुपारी तिचा फोन आला. पलीकडून वच्छलाताईने टाकला. मी टाकला नाही. बाई म्हणाली, कोणीच बोलून नाही राहिलं जी. मला भडभडून आलं. मी म्हटलं, घेतला.

वच्छलाताईच्या बाजूने श्वास ओढल्यासारखं ऐकू आलं. मग तिची लाइन बंद.

१९ नोव्हेंबर

गाडी घेऊन आमचा चालक ईश्वर गेला होता. परत येऊन चिडला. पाळीवर पडक्या भिंती आहेत, माणूस नाही, कोणाले आणू, म्हणाला. फोन बंद करायला गेले. होत नाही. फोनच्या पडद्यावर लाल दिवा तसाच.

ती दुपारी पुन्हा बोलली. गाडीचं काही बोलली नाही. तू घेतला म्हणली ना, मंग तू कावून नाही आली, असं विचारत होती.

२१ नोव्हेंबर

दोन दिवसांत दुसरा एकही फोन नाही. भाऊ परतले. त्यांच्या टेबलावर फोन वाजतात. माझ्याकडे फक्त ती. भाऊंना हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. रागावले असतील.

२२ नोव्हेंबर

रागावलेले नाहीत. माझ्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. मी बसलेली असताना.

आईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोणी बोलत नाही, असं बाबांना सांगून तिने ठेवला. मी ओरडत होते. घरच्यासारखी ओरडत होते. खूप रडले. आता या वहीशी तेवढं बोलते.

२३ नोव्हेंबर

उपाय एकच. आपलं माणूस आजाऱ्यापर्यंत पोचलं की फोन बंद होतो. ते माणूस मीच. उद्या जाते. पाहते, बंद करते, आणि सरळ पवनी.

बसवाला तिकीट विचारेल की नाही, याचीच भीती—

२४ नोव्हेंबर

विचारलं नाही.

भर दुपार. धान कापून झालंय, बांध्यांत, शेतांत कुठेच कोणी नाही. पाळीवर घर आहे. पडकं नाही. सारवलेलं. आत चटईवर नत्थू. पोटरी काळीनिळी. उशाशी ती.

मी म्हटलं, आले. पाहिलं. आता सोडा.

ती हसली. म्हणाली, किती दिसांनी कोणी आलं—

दार होतं तिथे भिंत. मोबाइल लागतोय. दोन्हीकडे वाजतोय, मला ऐकू येतंय. आधी भाऊ. मग वच्छलाताई. मी नाव सांगितलं. तेजस्विनी, पवनीची, अहो तुमची तेजस्विनी. भाऊंनी टाकला. ताईने टाकला. भाऊंनी—

दोघांनाही राग नाही. सवय आहे नुसती.

चटई रिकामी. नत्थू कुठे गेला? ती चटईवर हात फिरवतेय, जागा करतेय. निज म्हणते. मी आहो ना उशाशी, म्हणते.

पोटरीला काहीतरी लागलं. गार. मग आग.

ताई, टाकू नका, एकदाच म्हणा, घे—