सरिता चित्रात आहे, परलोकात नाही

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयास,
सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर आपण बाप-लेकी भांडतो, म्हणून कागद घेतला.

आज दारात पाच अनोळखी माणसं. तुझ्या आईचं दर्शन पाहिजे म्हणे! मी सांगितलं, ती जाऊन तीन वर्षं झाली. तर ते आणखीच खूश! त्यांचं म्हणणं, तुमच्या कंपनीचा तो 'निळापार' हा मोबाइलवरचा खेळ नसून सूक्ष्मलोक आहे. मेलेली माणसं तिथं राहतात, आणि तळ्याकाठी पेरू विकणारी बाई म्हणजे आपली सरिता. पत्ता कुणी दिला? सत्यमनं, माझ्या सख्ख्या भाच्यानं, व्हिडिओत! आत्मा-परलोक न मानणाऱ्या घराच्या उंबऱ्याला लोकांनी कुंकू लावलं. मी लई ओरडलो.

एकीवर मात्र ओरडता आलं नाही. चिकलठाण्याची सायली. तिची सहा वर्षांची सानवी तापानं गेली. सरितानं तिला तिकडं पाहिलं का, एवढंच विचारत होती.

तू आईला खरंच खेळात घातलंस का? कळव.
रागावलेला, तरी तुझाच,
पप्पा

पुणे, १३ फेब्रुवारी

ती. पप्पांस,
सविनय जय भीम. वि. वि. खरं आहे. तळ्याचा काठ ओकाबोका दिसत होता, तिथं मी आई काढली. तिच्या तोंडी शब्द घालायला मात्र मन झालं नाही.

आता लोकांचे शोध ऐका. तिची सावली पडत नाही, म्हणून ती आत्मा! अहो, सावल्या दिल्या की स्वस्तातले मोबाइल अडकतात, म्हणून आम्ही कुणालाच दिल्या नाहीत. ती बोलत नाही, म्हणजे तिनं मौन घेतलंय! आणि तळ्याचं असं पाणी माणसाच्या हातून होणं नाही, मला ते ध्यानात दिसलं म्हणे. त्या पाण्यासाठी मी दोन वर्षं मान मोडून काम केलं, पप्पा. माझी मेहनतही भुतांच्या नावावर!

हे खोटं आहे असं जाहीर करा, म्हणून साहेबांच्या मागे लागले. ते हसले. खेळणारे दुपटीनं वाढलेत, गप्प बस म्हणाले.
लोभ असावा, आज जरा जास्तच.
श्रेया

हर्सूल, २० फेब्रुवारी

चि. श्रेयास,
जय भीम. सत्यमला बोलावून झाडलं. तो म्हणतो, मामा, लोकांना आधार मिळतोय. मी म्हणालो, हा आधार नाय, गळ आहे. ऐकायला तयार नाही.

सायली पुन्हा आली होती. दिवसभर मोबाइल धरून सरितासमोर उभी असते, सानवीची चौकशी करते. धाकटं लेकरू सासूकडं पाठवलंय, का तर त्याच्या रडण्यात तिकडचा आवाज ऐकू येणार नाही.

पोरी, तुझी आई गप्प आहे म्हणून लोक तिच्या तोंडात वाटेल ते घालतायत. सरिता असती तर तोंडावर सांगून मोकळी झाली असती. तू तिला बोलू दे.
पाठीशी आहे.
पप्पा

पुणे, ३ मार्च

ती. पप्पांस,
जय भीम. बोलू दिलं. साहेबांना न विचारता. पेरूच्या पाटीजवळ गेलं की आई म्हणायची, "मी चित्र हाय, बाई. माझ्या लेकीनं काढलंय. गेलेलं माणूस इथं नाय. घरी कुणी वाट बघत असंल, तर जावा." आवाज माझाच.

दुसऱ्याच दिवशी मला नोकरीवरून काढलं आणि आईला खेळातून. आता सत्यमचा नवा व्हिडिओ: आईला म्हणे मोक्ष मिळाला! रिकाम्या जागी लोक फुलं ठेवतायत. काय उपयोग झाला, सांगा ना!
तुमची,
श्रेया

हर्सूल, ९ मार्च

चि. श्रेयास,
जय भीम. उपयोग विचारतेस. काल सायली आली, कडेवर धाकट्याला घेऊन. भांडायलाच आली होती. माझ्या लेकीनं तिचं एकुलतं दार बंद केलं, आपण सगळे दगड आहोत, असं ताडताड बोलली. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, सानवी होती कशी?

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. जो तो पोरगी आता कुठं आहे तेच सांगत होता. सानवी चपला उलट्या पायांत घालायची आणि तशाच बरोबर आहेत म्हणून हटून बसायची, हे सांगताना सायली हसली, आणि मग जी रडली ती थांबेना. धाकट्यानं घाबरून तिच्या गालावर हात ठेवला. त्याला पोटाशी धरून ती म्हणाली, माझी सानवी गेली. हे ती पहिल्यांदाच बोलली.

सत्यमला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. साहेबाशी आपण दोघं मिळून भांडू. आधी घरी ये. तोवर माया राहू दे, रागही राहू दे.
तुझा,
पप्पा