सॅम्पल फ्लॅटमधली झोप

नारायण पेठ, पुणे
२६ मे

ती. आप्पासाहेबांस अनंतचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आता तो पत्रातच जमतो.) आपलं पित्त कसं आहे? इथे उकाडा असा की पंखाही गरम हवाच वाटत फिरतो. आपली बहीण मंदाकिनी खुशाल आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. कारण शेवटी लिहितो.

आपली भाची तनया आर्किटेक्ट झाली तेव्हा पेढे मीच वाटले होते, ते आता भोवताहेत. विश्रांतवाडीच्या प्लॉटवरची आमची इमारत तिने पर्यावरणपूरक करायला घेतली. भिंती जाड, खिडक्यांवर रुंद छज्जे, न्हाणीचं पाणी शुद्ध करून बागेला, आणि मधोमधचं करंजाचं झाड जिथल्या तिथे. (त्या झाडाने चार गाड्यांचं पार्किंग खाल्लं.) खर्च नेहमीपेक्षा आठ टक्के जास्त. मी म्हटलं, बाई, आपण धंदा करतो, व्रत नाही. ती म्हणाली, "बाबा, हाच धंदा आहे. टँकर नको, एसी नको, मेंटेनन्स कमी. लोक हिशेब करतील." लोकांनी केला नाही. आले ते लिफ्टचा आरसा बघून गेले. एका जोडप्याला तिने अभिमानाने सांगितलं की इथे एसी लागतच नाही. तर 'परवडत नसेल बिचाऱ्यांना' अशा नजरेने आमच्याकडे बघत ते जिना उतरले.

शेवटी मी चिडून मुदत घातली: मे अखेर तीन बुकिंग झाली तर शेजारची इमारतही तुझ्या पद्धतीने, नाहीतर माझ्या. ती शांतपणे म्हणाली, "मग मी हैदराबादची नोकरी घेते." हे मी धरलंच नव्हतं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. एकुलती एक मुलगी, आप्पासाहेब. पण बोललेला शब्द गिळायचा कसा?

पंधरवड्यापूर्वी तिचा दावा खोटा पाडावा म्हणून भर दुपारी सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलो. पंखा अजून बसायचा होता. सतरंजीवर जरा टेकलो, एवढंच आठवतं. जाग आली तेव्हा चार वाजले होते आणि दारात तनयाबरोबर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले दशरथराव सपत्नीक उभे. म्हणे बराच वेळ मला घोरताना बघत होते. तनया शरमेने लाल. (बिल्डरने गिऱ्हाइकासमोर घोरावं, याहून वाईट जाहिरात नाही.) दशरथरावांनी भिंतीवर तळवा ठेवला, छताचा रिकामा हूक पाहिला आणि एवढंच विचारलं, "यांना घाम कसा नाही आला हो?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी बुकिंग केलं, आठवड्याने त्यांच्या मित्राने. माहितीपत्रकाच्या सोळा गुळगुळीत पानांना जे जमलं नाही, ते माझ्या घोरण्याने केलं.

आता लोक मुद्दाम दुपारीच येतात. पण कोणी बघतंय म्हटलं की मला झोप लागत नाही, आणि सोंग लगेच उघडं पडतं. मुदतीला पाच दिवस उरले, बुकिंग दोनच. वहिनींना नमस्कार.

आपला,
अनंत

ता. क. तिसरं गिऱ्हाईक सापडलं आहे: मीच. आजवर बावीस इमारती बांधल्या, त्यांतल्या एकीतही राहावंसं वाटलं नव्हतं. तनया म्हणते, "उपकार नकोत. आई राहायला येणार असेल तरच हे बुकिंग धरीन."

ता. क. २. हे ऐकल्यापासून मंदाकिनी माझ्याशी बोलत नाही; तनयाकरवी निरोप आला की नारायण पेठेतून मी हलेन ती चौघांच्या खांद्यावरच. ती फक्त आपलं ऐकते. रविवारी या. वाद घालू नका. जेवण झालं की तिला फ्लॅट बघायला घेऊन चला आणि तिथे नुसते आडवे व्हा. (अंतरपाटामागे उभ्या उभ्या आपला डोळा लागला होता, असं तीच सांगते.) मी दोन सतरंज्या अंथरून ठेवतो. दुसरी तिच्यासाठी. उकाड्याने गेले दोन महिने दुपारी तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, फक्त ती ते कबूल करत नाही.