ट्रॅक्टर बदलून मिळणेबाबत, सोबत एक शिडी

प्रति,
मा. यंत्र मंजुरी अधिकारी,
विभागीय कृषी यंत्र कार्यालय,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक तीनच्या मागची खोली.

विषय: मंजूर झालेला ४७ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आमच्या बागेत शिरत नसल्याने त्याऐवजी २४ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर व त्याला साजेशी अवजारे मिळणेबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ: १) माझ्या आईचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले दि. २ चे पत्र, ज्यात झाडे सरकवण्याविषयी लिहिले आहे.

महोदय,

मी अर्जदाराची मुलगी. दहावीत आहे. आधीचे तीन अर्ज आईने सांगितले आणि मी उतरवून घेतले. हा मी माझ्या मनाने लिहिला आहे. आईने वाचून खाली सही केली आहे आणि "जरा सौम्य लिही" असे बजावले आहे. प्रयत्न करते.

१. आमची नऊ एकर लिंबाची बाग आहे. बागेचे सगळे काम आई पॉवर टिलरने करते, म्हणजे दोन दांडे हातात धरून मागे चालायचे ते यंत्र. त्याच्या हादऱ्यांनी तिचा उजवा खांदा गेला आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे की आणखी एक हंगाम हे दांडे धरले तर हात पुन्हा कधीच वर जाणार नाही. आत्ताच तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. शाळेत जाण्याआधी मी घालते. माझ्या हातची वेणी दुपारपर्यंत सुटते.

२. ट्रॅक्टर आम्ही डोळे मिटून निवडलेला नाही. मी व आई तीन दुकाने फिरलो. १८ अश्वशक्तीचा स्वस्त होता, पण फवारणीची टाकी भरून आमचा चढ चढताना त्याचे पुढचे तोंड उचलले जाईल, हे मी वजने मांडून काढले. २४ चा, चारही चाके ओढणारा, चार फुटांहून कमी रुंद आहे. त्याला माती भुसभुशीत करणारा साडेतीन फुटी रोटाव्हेटर व मागे टांगायचा फवारा नीट चालतो. एका दुकानात मी मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता विचारली, तर विक्रेता म्हणाला, "ताई, तुम्ही रंग निवडा, बाकीचं आम्ही बघतो." मग मीच त्याला त्याच्याच पुस्तकातले पान उघडून दाखवले. तो चहा सांगायला गेला, तो आम्ही निघेपर्यंत परत आला नाही.

३. आपण मात्र मंजूर केला ४७ चा. रुंदी सहा फूट, रोटाव्हेटरही सहा फुटी. कारण आपल्या तक्त्यात नऊ एकरांसमोर तोच लिहिला आहे. खिडकी तीनवरचे काका दर वेळी म्हणतात, "अगं, मोठा मिळतोय तर घे की! लोक मोठ्यासाठी खेटे घालतात." काका, मोठा बूट मिळाला म्हणून पाय वाढत नाही. हे मी तेव्हा मनात म्हटले होते, आता लेखी देते.

४. दुसऱ्या अर्जावर आपण कळवले की पाहणी अहवालानुसार झाडांच्या ओळींत दहा फूट अंतर आहे, सबब सहा फुटी ट्रॅक्टर सहज जाईल. यात थोडी चूक आमच्या घरची आहे, ती लपवत नाही. बाग आजोबांनी एकतीस वर्षांपूर्वी लावली. त्यांच्याकडे टेप नव्हता, दहा फुटी शिडी होती. शिडी जमिनीवर आडवी टाकायची आणि पुढची ओळ धरायची. बावीस ओळी झाल्यावर दगडांची गाडी शिडीवरून गेली व टोक मोडले. आजोबांनी मोडलेले दोन फूट करवतीने कापून टाकले आणि त्याच शिडीने उरलेल्या पन्नास ओळी लावल्या. म्हणजे पहिल्या बावीस ओळी दहा फुटांवर व पुढच्या सगळ्या आठ फुटांवर. छाटणी करूनही दोन्हीकडच्या काटेरी फांद्या सोडल्या तर मध्ये पाच फूट उरतात.

आपले पाहणी अधिकारी रस्त्याला लागूनच्या दोन ओळी मोजून थांबले. पुढचे अंतर त्यांनी बांधावर बसलेल्या आजोबांना विचारले. आजोबा छाती काढून म्हणाले, "एकच शिडी, एकच माप, पार शेवटापर्यंत!" तेच अहवालात गेले. शिडी कापली म्हणून माप बदलले, हे आजोबा आजही मानत नाहीत. शिडी तीच आहे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या कार्यालयाचेही तेच म्हणणे आहे. पण आजोबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत.

५. तिसऱ्या अर्जाला आपले उत्तर आले की तफावत असल्यास "झाडांचे अंतर नोंदीप्रमाणे करून घ्यावे." महोदय, हे वाक्य मी चार वेळा वाचले, नंतर मराठीच्या बाईंनाही दाखवले. अर्थ तोच निघाला. झाडांना आम्ही तसे सांगून पाहिले. ती जागची हलली नाहीत.

६. शेवटी रविवारी मी व मावशीने बांबूची सहा फूट रुंद चौकट बांधली, म्हणजे आपला मंजूर ट्रॅक्टर समजा, आणि दोन टोके धरून बागेत चाललो. मावशी म्हणाली, "ट्रॅक्टर आणतोय की पलंग सरकवतोय गं आपण?" बावीस ओळींपर्यंत हसत गेलो. तेविसाव्या ओळीपुढे चौकट अशी अडकली की पुढेही जाईना, मागेही येईना. मावशीची बाही फाटली. आई बांधावरून बघत होती. ती हसली नाही. खोपीत गेली, पॉवर टिलर बाहेर काढला आणि डाव्या हाताने सुरू करू लागली.

७. वीस तारखेपर्यंत मोठा ट्रॅक्टर उचलला नाही तर मंजुरी रद्द, आणि दहा वर्षे पुन्हा अर्ज करता येणार नाही. उचलला तरी लहान मिळणार नाही. दोन्हीकडून आईच्या हातात तेच दांडे येतात. दहा वर्षांनी मी पंचवीस वर्षांची असेन, पण तिचा खांदा तोवर थांबणार नाही.

तरी विनंती की तेविसाव्या ओळीपासून पुढे कोणीतरी स्वतः चालून पाहावे (चौकट अजून तिथेच अडकवून ठेवली आहे), ट्रॅक्टर व अवजारे परिच्छेद दोनप्रमाणे बदलून द्यावीत आणि तोवर मंजुरी रद्द करू नये.

आपली नम्र, पण मापाला पक्की,
अर्जदाराची मुलगी

अर्जदाराची सही (डाव्या हाताने केली आहे, म्हणून आधीच्या अर्जांशी जुळणार नाही)

सोमवार, दि. १६

सोबत:
१) डॉक्टरीणबाईंचा दाखला.
२) बहात्तर ओळींचा नकाशा, मी मोजून काढलेला.
३) आजोबांचे निवेदन: "शिडी तीच आहे. लहान आहे, हे खरे." (हे मिळवायला दोन दिवस लागले.)
४) शिडी, मूळ. झेरॉक्सवाल्याने नकार दिल्याने प्रत्यक्ष जोडली आहे व खिडकी तीनशेजारी उभी केली आहे. करवतीने कापलेले टोक वर आहे. आपल्या जिन्याच्या वळणावर ती जेमतेम वळली. दहा फुटी असती तर वर आलीच नसती, एवढी नोंद घ्यावी. ती न्यायला मी शुक्रवारी शाळा सुटल्यावर येईन. शुक्रवारी वीस तारीख आहे. उत्तर तयार ठेवावे, म्हणजे दोन्ही एकाच खेपेत नेता येतील.