एक गाणे, दोन घरे

प्रिय आप्पा,

टिपणे ठेवण्याची दोन सॉफ्टवेअर मी संगणकावर फुकट वापरून पाहत होते. त्यांची मुदत आज संपते आहे. कोणते ठेवावे हे तुमच्याशिवाय कोणाला विचारू?

तुम्ही निर्मळमध्ये दारोदार फिरून हळदीची गाणी चिठ्ठ्यांवर उतरवलीत आणि बिस्किटांच्या डब्यांत ठेवलीत. प्रत्येक घराचा डबा वेगळा! अकारविल्हे लावायला काय हरकत होती, आप्पा?

शैलाताईच्या हळदीसाठी मी ती गाणी संगणकात घातली. पहिले सॉफ्टवेअर फार शिस्तीचे: एक टिपण एकाच कप्प्यात. एक गाणे मात्र दोन डब्यांत निघाले, काशीआत्याच्या आणि शेजारच्या मालूकाकूंच्याही. मला वाटले, तुम्ही विसरून दोनदा लिहिलेत. मी ते आत्याच्या कप्प्यात ठेवले आणि तिच्याच नावाने छापून सरावाला नेले.

मालूकाकूंनी कागद वाचला, घडी घातली आणि पान लावायला घेतले.

"आमच्या आईचं गानं हिच्या घरात कधी नांदायला गेलं? आता हिलाच म्हनू दे."

आत्या म्हणाली, तुझी आई ते आमच्याच ओट्यावर शिकली. मग दोघीही गाईनात. गावातले दोन खणखणीत गळे असे रुसल्यावर शैलाताईची हळद मुकीच लागायची!

घरी येऊन दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. पहिली ओळ एकच. पुढे आत्याच्या घरी व्याह्याला केळफुलाची टोपी, काकूंच्या घरी सुरणाची. म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. पण तसे एका ओळीत लिहून ठेवायला काय झाले होते?

दुसरे सॉफ्टवेअर जरा पसरट आहे, पण त्यात एका टिपणाला हवी तितकी नावे देता येतात. दोन्ही पाठ एकाखाली एक लिहिले, वर दोन्ही घरे. हळदीच्या सकाळी काकूंनी कागदावर बोट फिरवून आपले घर शोधले.

"टोपी आधी आमची घालायची," त्या म्हणाल्या.

"घाल बाई," आत्या म्हणाली, "डोकं व्याह्याचं आहे."

शैलाताई इतकी हसली की गालावरची हळद पुन्हा लावावी लागली.

तेव्हा दुसरेच ठेवते. कळंबला हेच गाणे तिसऱ्या तऱ्हेने म्हणतात, असे मांडवात कळले. अनोळखी दारात माझी जीभ कशी अडखळते, हे तुम्ही जाणता. तरी येत्या रविवारी मी जाईन, आणि गाणाऱ्या बाईंचे नाव आधी विचारीन, गाणे मागाहून.

तुमची लेक,
सुमन