स्मारक देशीच हवे असे मी म्हणाले, त्याबद्दल

नवीन पनवेल,
रविवार, दुपार

प्रिय चारुदत्त भावजी,

मोठी वहिनी म्हणून आशीर्वाद लिहिणार होते, पण तुम्हीही पासष्टीचे झालात, तेव्हा नमस्कारही सोबत ठेवून घ्या. ऑपरेशननंतर गुडघा वाकतो का? तुमची अनुया सासरी खुशाल आहे. तिचे सासरे शैलेशराव मला आठवड्यातून दोनदा भेटतात आणि हे पत्र त्यांच्याच स्मारक समितीबद्दल आहे. तिसऱ्यांदा लिहायला घेतले आहे. चार ओळी झाल्या की उठते, गॅस बंद आहे का बघते (बंदच असतो) आणि परत बसते.

मिठाच्या सत्याग्रहींच्या स्मारकासाठी यांनी केलेले प्लास्टरचे डोके तुम्ही पाहिले आहे. यांनी पेणला चाळीस वर्षे गणपती घडवले आणि दरवर्षी ते पाण्यात गेले, त्यामुळे हे गेल्यावर यांच्या हातचे म्हणून घरात तेवढेच उरले. ओले असताना उचलले म्हणून डाव्या कानाखाली यांचा अंगठा उमटला आहे. रेषासुद्धा दिसतात. मी धूळ पुसताना तिथे माझा अंगठा ठेवून बघते. दोन्ही बाजूंना जागा उरते.

तर समितीने ठरवले की पुतळा परदेशात ओतायचा, चौथराही तिकडच्याच संगमरवराचा. शैलेशरावांच्या पुतण्याने, आर्यनने, मोबाईल घेऊन डोक्याभोवती प्रदक्षिणा घातली, फोटो पाठवले आणि महिन्याभरात तिकडून वीतभर नमुना आला. आता मूळ डोके पेटीत घालून बोटीने धाडायचे होते. ते परत येईल का, असे विचारल्यावर शैलेशराव म्हणाले, येईलच की, बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी दोन रात्री काढल्या.

तिसऱ्या दिवशी सभेत उभी राहिले. (वाचनालयातून मूर्तिकलेवरची तीन पुस्तके आणली होती. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने तयारीनिशी जावे.) म्हटले, राष्ट्राचे स्मारक आहे, हात इथले हवेत, धातू इथला हवा, दगड सह्याद्रीचा हवा. शैलेशरावांनी विचारले, वहिनी, हातातला माईक कुठला आहे? मी माईक खाली ठेवला आणि तशीच बोलले. मागच्या रांगेत मिठागरवाल्यांच्या सत्यवतीबाई होत्या, हे डोके त्यांच्याच सत्याग्रही आजोबांचे, त्या उठल्या. "आमचा आजा उरणच्या पुढं कदी गेला नाय. त्याला आता मेल्यावर बोटीत कशाला बसवता? त्याला बोट लागायची." सभा हसली, पण ठराव काही हलेना.

मग मी तो नमुना उचलला आणि सगळ्यांना कानाखालची खूण दाखवली. म्हटले, बघा, अंगठासुद्धा उतरवलाय. चेहरा कुठला आणि चूक कुठली हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती आपला माणूस द्यायचा? असली नक्कल मी घरात दाराला अडण म्हणूनही ठेवणार नाही. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुतळा इथेच करायचा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. शैलेशरावांनीही हात वर केला (अर्धा).

काम यांच्याच हाताखाली शिकलेल्या निकेशकडे गेले. मला किती बरे वाटले म्हणून सांगू. डोके पेणच्या पुढे जाणार नव्हते. आठ दिवसांनी मी डबा घेऊन त्याच्या कारखान्यात गेले. डोके पाटावर ठेवले होते आणि मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिलेल्या नवरदेवासारखे चकचकीत दिसत होते. मी डावीकडे गेले. मग उजवीकडे गेले, न जाणो आपलीच बाजू चुकली असेल. मग परत डावीकडे.

निकेश म्हणाला, "काकी, कानाखाली खोट होती. भरून घेतली, पॉलिश पेपर मारला. खोट असलेली वस्तू कारखान्याबाहेर काढायची नाय, काकांनीच शिकवलंय."

खरेच त्यांनीच शिकवले आहे. गणपतीच्या नखाला टवका गेला तरी ते जेवायचे नाहीत. पोराने गुरूचे काम म्हणून स्वतः बसून, कामगाराच्या हाती न देता घासले होते. मी म्हटले, छान झालेय रे. त्याने चहा मागवला, मी प्यायले, भाकरी-सुकटीचा डबा त्याला दिला आणि एसटीने घरी आले.

आता मला सगळे स्वदेशीवाल्या वहिनी म्हणतात. अनावरणाला मी देशी कारागिरीवर दहा मिनिटे बोलावे, असा निरोप आला आहे. बोलेन. माझे मत अजूनही तेच आहे, हे नीट लक्षात घ्या. फक्त ते भाषण लिहायला बसले की दर चार ओळींनी गॅस बघायला उठते.

पथ्य सांभाळा आणि जिन्यात घाई करू नका.

तुमची,
कुमुदवहिनी

ता. क. तो परदेशी नमुना शैलेशरावांच्या ऑफिसात कागदांवर वजन म्हणून ठेवलेला आहे. ते तुमचे व्याही आहेत, तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. कपाटात ठेवायला हवा म्हणून मागून घ्या. माझे नाव काढू नका. चाळीस माणसांदेखत मी दाराच्या अडणाचे बोलून बसले आहे. मिळाला की फोन करा, गुडघा असू द्या, मीच घ्यायला येते.

आणखी एक. देताना कोणी स्वच्छ करून देतो म्हणाले, तर करू देऊ नका.