दर रविवारी एक शब्द

दादा, तुमच्यावर माझा राग आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. तुम्ही मला फसवलंत. आणि तेही कुठे, तर कॉम्प्युटरच्या बाबतीत, ज्यावर माझं पोट होतं! उभी हयात प्रोग्राम लिहिण्यात घालवलेल्या बाईला स्वारगेट डेपोतल्या निवृत्त टाइमकीपरने खुशाल बनवावं आणि तिला पत्ताही लागू नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

तुम्ही निवृत्त झाल्यावर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंत, तेव्हा येरवड्याच्या आपल्या गल्लीत दोन दिवस तोच विषय होता. शेजारच्या काकूंनी दारात गाठून विचारलं, "अहो, या वयात डिग्री घेऊन कलेक्टर व्हायचंय का?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नाही, ती जागा भरलीय." आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आणि मी निघाले होते अमेरिकेला. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले, ते दुरुस्त करायला त्या काळात पुण्यातून पोरंपोरी विमानं भरभरून जात होती, त्यातली मी एक. मी बॅग भरतेय आणि तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे आहात. म्हणता, "पत्राचं काही खरं नाही, पोचेपर्यंत मजकूर शिळा होतो. आमच्या कोर्सला कॉम्प्युटरचा पेपर आहे. ई-मेल मी शिकून घेतो. तू फक्त उत्तर देत जा."

शिकलातही. पहिली मेल आली ती सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. कशी आहेस, जेवतेस का वेळेवर, थंडी किती आहे. मी उत्तर दिलं, बरी आहे, काळजी नको, आणि ते मोठ्या लिपीत लिहू नका, कॉम्प्युटरवर त्याला ओरडणं म्हणतात. तुमचं उत्तर, "स्वारगेटला ओरडल्याशिवाय कोण ऐकतं?" पुढच्या रविवारी पुन्हा तेच, कशी आहेस, जेवलीस का. माझंही तेच, बरी आहे. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. दिवसभर स्क्रीनसमोर, संध्याकाळी भाड्याच्या खोलीत, खिडकीबाहेर पार्किंग आणि त्यात एकही माणूस नाही. हे काय लिहायचं तुम्हाला? बापाला आणि काळजी कशाला, म्हणून एका ओळीत आटपायचे. मग एकदा तीही ओळ लिहायची राहिली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तुमची मेल आली ती वेगळीच. "आमच्या पुस्तकात ब्राउझर नावाचा शब्द आहे. सरांनी सांगितलं, पण डोक्यावरून गेलं. तू जरा नीट समजावून सांग."

मी खुर्चीत सरसावून बसले, दादा. आपल्याला येतं ते कुणीतरी विचारलं की माणसाला किती चेव येतो! दोन पानं लिहिली. जेवण गार झालं. त्यानंतर दर रविवारी एक शब्द. केंद्रावरचा वर्ग संपला की तुम्ही सायबर कॅफेत जाणार आणि मला प्रश्न टाकणार. डाउनलोड केलेली वस्तू मूळ जागी उरते की संपते? पासवर्ड विसरला तर ते आपल्याला ओळखणार कसे? अटॅचमेंट ही पाकिटाच्या आत की पाकिटाला टाचलेली? एकदा तर, "संगणक कक्षात चपला बाहेर काढायला लावतात. साहेबाच्या केबिनमध्ये जातानाही मी कधी चपला काढल्या नाहीत. हे यंत्र कोण लागून गेलं?" मी धुळीचं शास्त्र समजावलं. सर्व्हर विचारलात तेव्हा मी डेपोतली चौकशीची खिडकीच उदाहरणाला घेतली: माणसं येतात, विचारतात, आतला माणूस फलकावर बघून सांगतो, आणि एकाच वेळी फार गर्दी झाली की खिडकी बंद. आणि लिहिता लिहिता मग बाकीचंही वाहून यायचं, की आज बर्फ पडला, ऑफिसात एकटीच डबा खाल्ला, आईच्या हातच्या कटाच्या आमटीची फार आठवण आली. तुमचं उत्तर, "छान समजावलंस. माझ्या टाळक्यात हे आलं नसतं."

सुटीवर आले तेव्हा स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी थापत होतात. आई गेल्यावर शिकलात. कडा फाटायच्या, पण फुगायची. मी पाटावर बसून म्हटलं, "विचारा आता काय विचारायचं ते. समोरासमोर सांगते, वहीवर काढून दाखवते." तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. "असू दे. आधी गरम आहे तोवर खा." मग तिकडे शेजार कसा आहे, कुणी घरी बोलावतं का, आजारी पडलीस तर पेज कोण करून देतं, हेच सगळं. त्या महिनाभरात कॉम्प्युटरचा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. मला वाटलं, म्हातारपण, कंटाळले असतील.

तुम्ही गेलात तेव्हा मी तिकडेच होते. छातीत दुखलं आणि तासाभरात संपलं, असं काकूंनी सांगितलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं पांगायला लागली, आणि एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. ससूनच्या निवृत्त सिस्टर, तुमच्याबरोबर वर्गात होत्या. म्हणाल्या, "तुमचे दादा नसते ना, तर आमच्यातलं कुणी त्या पेपरात पास झालं नसतं."

"दादांनाच कुठे काय येत होतं?" मी म्हटलं.

"काय सांगता! पहिल्या वर्षीच पहिले आले की ते. नंतर दर रविवारी आम्हाला शिकवायलाच यायचे. पहिल्याच रविवारी सांगितलं, सर्व्हर म्हणजे डेपोतली चौकशीची खिडकी, गर्दी झाली की बंद. अजून डोक्यात पक्कं आहे बघा."

मी हातातला खिरीचा द्रोण खाली ठेवला. खिडकीचं उदाहरण मी तुम्हाला लिहून पाठवलं ते त्यानंतर वर्षाने. माझ्या आधी तुम्ही ते वर्गाला सांगून मोकळे झाला होतात, आणि वर मला लिहिलंत, माझ्या टाळक्यात आलं नसतं! वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. एका ओळीचा आवळा द्यायचा आणि दोन पानांचा कोहळा काढायचा. त्या दिवशी मी आधी हसले आणि मग काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले की त्यांना वाटलं, हिला आत्ता कुठे कळलं. तसंच होतं ते. कशी आहेस म्हटलं तर मी ओळीत उडवून लावते आणि शब्द विचारला की बसून बोलते, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. पण दादा, सरळ लिहायचं ना, पोरी, एकट्याला घर खायला उठतं. मी काय उत्तर दिलं असतं, ते मात्र मला माहीत नाही.

आता मी कोथरूडला असते. हे गेले, मी निवृत्त झाले, मुलगा कॅनडात. सोसायटीत सगळं आहे, फक्त दाराशी थांबून कुणी बोलत नाही. मी घरबसल्या पाली भाषेचा कोर्स लावलाय. वर्ग मोबाइलवर भरतो, सगळ्यांचे कॅमेरे बंद, बाई एकट्याच बोलत असतात. मुलगा मेसेज करतो, कशी आहेस? मी लिहिते, मस्त. तो अंगठा पाठवतो. झालं.

हे टाइप केलंय ते कुठे पाठवायचं नाहीच. तुमचा मेलचा पत्ता ज्या सेवेवर होता, ती केव्हाच बंद पडली. पण एक सांगते. परवा मी मुलाला विचारलं की गृहपाठाचा फोटो वर्गाच्या अ‍ॅपवर कसा चढवायचा. तो म्हणाला, "आई, तू आयटीत होतीस ना?" मी म्हटलं, "आमच्या वेळी हे नव्हतं रे." त्यावर त्याने एक लिंक पाठवली, कुणीतरी करून दाखवलेला व्हिडिओ. मी त्याला कळवलंय की लिंक उघडत नाही, तूच फोन करून सांग. उघडते, दादा. पहिल्याच झटक्यात उघडली.